काळ्या पट्ट्याची किंमत

अमेरिकेत निघणाऱ्या ‘ब्लॅक बेल्ट’ या मार्शल आर्ट्सविषयक मासिकाचे १९६० आणि १९७० च्या दशकांतील अंक चाळले, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. लेख संपतो न संपतो तोच जाहिरात सुरू होते, आणि जाहिरातीच्या कोपऱ्यात तुटक रेषांनी आखलेले एक कूपन असते. त्यात नाव, पत्ता आणि अंगाचे माप लिहावयाचे, हव्या त्या मालापुढे खूण करावयाची आणि सोबत धनादेश किंवा मनीऑर्डर जोडून पाकीट टपालात टाकावयाचे. अडचण एवढीच, की कूपन कापले की त्याच्या पाठीमागे छापलेल्या मजकुराचाही तुकडा कात्रीबरोबर जाई. एखाद्या डावाचे वर्णन ऐन मोक्याच्या जागी तुटे, नाही तर छायाचित्रातील मल्लाचा पाय नाहीसा होई. अंक जपून ठेवावा की माल मागवावा, हा त्या वाचकापुढचा लहानसा पेच होता.

पेच लहान खरा, पण त्या मासिकाचा सारा इतिहास त्यात दडलेला आहे. विद्या सांगणारे पान आणि माल विकणारे पान एकाच कागदाच्या दोन बाजू होत्या. एकीची पत दुसरीला उपयोगी पडे, आणि एकीचा तोल गेला तर दुसरीही डळमळे. व्यापारात आयुष्य घालवलेल्या कुटुंबांना हे नाते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र ते एका अगदी निराळ्या क्षेत्रात कसे घडले, हे पाहण्यासारखे आहे.

‘ब्लॅक बेल्ट’ची स्थापना मितोशी उएहारा यांनी १९६१ मध्ये केली. ते हवाईतील जपानी वंशाचे अमेरिकन नागरिक व ऐकिदो या कलेचे अभ्यासक होते, आणि मासिक लॉस एंजेलिसहून निघू लागले. यातील स्थळ आणि काळ लक्षात घेण्याजोगे आहेत. अवघ्या एकोणीस वर्षांपूर्वी, १९४२ मध्ये, याच पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या रहिवाशांना घरेदारे, शेते आणि दुकाने सोडून छावण्यांत जावे लागले होते. त्याच किनाऱ्यावर एका जपानी नावाच्या माणसाने जपानी पट्ट्याचे नाव दिलेले मासिक बाजारात आणावे आणि ते अमेरिकन तरुणांनी विकत घेऊन वाचावे, ही साधी घटना नव्हती. मधल्या काळात जपानमध्ये तळ ठोकून राहिलेले हजारो अमेरिकन सैनिक जुदो आणि कराटे पाहून, कोणी शिकूनही, मायदेशी परतले होते. अमेरिकन वायुदलाच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडने तर १९५० च्या दशकाच्या आरंभी आपले काही जवान तोक्योच्या कोदोकान या जुदोच्या मूळ पीठात शिकण्यासाठी पाठविले होते. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये जुदोचा समावेश झाला आणि डच मल्ल अँटन गेसिंक याने अकिओ कामिनागा या जपानी स्पर्धकाला जपानी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत हरविले, तेव्हा ही विद्या आता एका देशाची राहिली नाही, हे सर्वांनाच कळून चुकले.

मागणी अशी देशभर पसरली होती, पण विरळ होती. एखाद्या गावात दहा शौकीन असत आणि गुरू एखादाच, क्वचित तोही नसे. गणवेश मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता. क्रीडासाहित्याच्या दुकानात बेसबॉलचे मोजे मिळत, पण कराटेचा अंगरखा कोणी ठेवीत नसे. गावात दोन गिऱ्हाइके असलेल्या मालासाठी फळी कोण अडवील? अशा विखुरलेल्या गिऱ्हाइकांना एका ठिकाणी आणण्याचे काम मासिकाने केले. त्यामुळे तेथील जाहिरात म्हणजे लेखाच्या शेजारी चिकटविलेली शोभा नव्हती. ती त्या वाचकाची एकमेव बाजारपेठ होती, आणि पुष्कळ वाचक लेखाइतक्याच आवडीने जाहिराती वाचीत, यात नवल नाही.

काय विकले जाई? सर्वांत आधी कापड. जुदोचा अंगरखा जाड आणि दाणेदार विणीचा असतो, कारण प्रतिस्पर्धी त्याचीच कॉलर आणि बाही धरून फेकतो. पातळ कापड पहिल्याच झटापटीत फाटेल. कराटेत धरपकड कमी, म्हणून तेथे साधे, सपाट विणीचे कापड चालते. त्याची प्रत औंसांत मोजतात. नवशिक्याला हलके आठ औंसांचे पुरते. स्पर्धेत उतरणाऱ्याला बारा-चौदा औंसांचे भारी कॅनव्हास हवे असते, कारण ठोसा मारताना भारी कापडाची बाही ‘फट्’ असा आवाज करते आणि त्या आवाजाने प्रहार अधिक जोरकस वाटतो. कापडाच्या व्यापाऱ्याला यात गंमत वाटेल: एकाच पांढऱ्या सुती अंगरख्याच्या तीन-चार प्रती, आणि वरच्या प्रतीचा एक गुण कानाला जाणवणारा. त्याखालोखाल पुस्तके, सरावाच्या पिशव्या, लाकडी शस्त्रे, भिंतीवरची चित्रे, कपड्यावर शिवावयाची बोधचिन्हे. आणि या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक म्हणजे पट्टा.

येथेच या मासिकाच्या नावातील विसंगती उघड होते. काळा पट्टा म्हणजे वर्षानुवर्षांच्या साधनेची खूण. पण जाहिरातीच्या पानावर तो चार-दोन डॉलरांची सुताची पट्टी होता. कूपनात खूण करून पैसे पाठविणाऱ्याला ‘तुमची पात्रता काय’ असे दुकानदार विचारीत नसे, आणि विचारणार तरी कसा? मासिकाने जी वस्तू सर्वांत मोलाची म्हणून मुखपृष्ठावर मिरविली, तीच आतल्या पानांत कोणालाही टपालाने मिळत होती.

खरे तर पट्ट्याचा हा मानही फार प्राचीन नाही. कोदोकानचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात आपल्या प्रगत शिष्यांना ‘दान’ या श्रेणी दिल्या. ही कल्पना ‘गो’ या जपानी पटावरील खेळातील श्रेणींवरून आलेली. काळा पट्टा त्यानंतर वापरात आला. कराटेत तो आणखी उशिरा आला; ओकिनावाहून आलेल्या गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये कोदोकानमध्ये प्रात्यक्षिक करून दाखविले आणि नंतर जुदोचा पोशाख व श्रेणी यांचा आपल्या शिक्षणात स्वीकार केला. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशी रंगांची उतरंड तर १९२० आणि १९३० च्या दशकांत युरोपात रूढ झाली. पांढराच पट्टा घामाने आणि मळाने वर्षानुवर्षे काळा होत जातो, ही गोड कथा अनेक वर्गांत आजही सांगितली जाते; ती कथाच आहे. पट्टा आधीपासून रंगविलेलाच मिळत होता. उलट काळा पट्टा वापरून वापरून विरतो आणि आतला पांढरा गाभा दिसू लागतो. जाणकार त्या विरण्याला मान देतात. साटीनचा पट्टा सुती पट्ट्याहून लवकर विरतो, म्हणून काही जण मुद्दाम साटीनचाच घेतात, हे त्या मानाचे थोडेसे हास्यास्पद रूप.

पट्टा विकत मिळतो आणि पात्रता मिळत नाही, या दोहोंमधील फटीत लबाडीला जागा सापडते. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शिकागोचे. जॉन कीहान हा तेथील कराटेच्या पहिल्या फळीतील खरा जाणकार शिक्षक होता. ज्या काळात अनेक वर्गांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती, त्या काळात त्याने त्यांना आपल्या वर्गात घेतले, ही त्याच्या नावावरची मोठी जमा. पण पुढे त्याने ‘काउंट डांटे’ हे नाव घेतले, स्वतःला जगातील सर्वांत घातक माणूस म्हणविले, आणि मुलांच्या चित्रकथांच्या अंकांत जाहिरात सुरू केली. पैसे पाठवा, घातक गुप्त डावांची पुस्तिका घ्या, आणि तिच्यासोबत ‘ब्लॅक ड्रॅगन फायटिंग सोसायटी’चे सभासदपत्र फुकट. चित्रकथा वाचणारी शाळकरी मुले खाऊचे पैसे पाठवीत. पुस्तिका येई, ओळखपत्र येई. विद्या मात्र पाकिटातून येण्याजोगी नव्हती. शिकागोतील वर्गावर्गांत वैर पेटले. १९७० मध्ये कीहान आपल्या साथीदारांसह प्रतिस्पर्धी वर्गात घुसला आणि त्या हाणामारीत त्याचा निकटचा मित्र शस्त्राने मारला गेला. स्वतः कीहान १९७५ मध्ये, चाळिशीही न गाठता, आजारपणात गेला. जाहिरातीतील ‘सर्वांत घातक’ या शब्दाची किंमत अखेर मित्राच्या प्राणाने चुकती झाली.

यामुळेच ‘ब्लॅक बेल्ट’सारख्या मासिकातील वाचकांच्या पत्रांना महत्त्व होते. त्यातील वाद वरवर पाहता पोरकट वाटतात: कराटे श्रेष्ठ की कुंग फू, जपानी परंपरा खरी की कोरियन, अमुकाचा पट्टा कोणी दिला. पण त्यांतील शेवटचा प्रश्न पोरकट नव्हता. अमेरिकेत मार्शल आर्ट्सच्या शिक्षकाला परवाना देणारी कोणतीही सरकारी यंत्रणा नव्हती. वैद्याला, वकिलाला, न्हाव्यालासुद्धा परवाना लागे. पण भाड्याने गाळा घेऊन दारावर ‘मास्टर’ अशी पाटी लावणाऱ्याला कोणी अडवीत नसे. अशा बाजारात खरेखोटे पारखण्याचे एक ठिकाण म्हणजे मासिकाचे पत्रव्यवहाराचे पान. गावागावांत एकटे पडलेले विद्यार्थी तेथे एकमेकांना भेटत आणि आपला गुरू आपल्याला काय शिकवितो आहे, याची चाचपणी करीत. गिऱ्हाइकांनी आपसांत बोलणे हे कोणत्याही बाजाराचे सर्वांत जुने तपासणी-खाते आहे.

सरकारचा हात आला तो मालाच्या बाजूने. टपालाने पैसे घेऊन माल न पाठविणाऱ्या, किंवा महिनोन्‌महिने झुलविणाऱ्या विक्रेत्यांविरुद्ध सर्वच क्षेत्रांतून ओरड होती. अखेर १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: सांगितलेल्या मुदतीत, मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत, माल रवाना केला पाहिजे; नाही तर गिऱ्हाइकाला कळवून त्याची संमती घ्यावी किंवा पैसे परत करावे. आज घरोघरी दुसऱ्या दिवशी खोकी येत असताना हे मामुली वाटते. पण मुलाने महिनाभर पेपर टाकून साठविलेले डॉलर पाकिटात घालून अनोळखी पत्त्यावर पाठविण्यात जो विश्वास होता, त्याला कायद्याचा पहिला आधार हा असा मिळाला.

या मासिकाची गोष्ट ब्रूस ली याच्यावाचून पुरी होत नाही. तोवर केवळ ‘ग्रीन हॉर्नेट’ या दूरचित्रवाणी मालिकेतील साहाय्यकाच्या भूमिकेमुळे माहीत असलेला हा तरुण उएहारा यांचा स्नेही होता. बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार विद्यार्थिदशेत मार्शल आर्ट्सची अधिक माहिती मिळविण्यासाठी ‘ब्लॅक बेल्ट’च्या कचेरीत गेला, तेव्हा उएहारा यांनीच त्याची ब्रूस लीशी गाठ घालून दिली. मासिकाच्या कचेरीचे हे काम जाहिरातदर-पत्रकात कोठे लिहिलेले नसते, पण मासिकाची खरी पत अशाच गाठीभेटींतून वाढते.

सप्टेंबर १९७१ च्या अंकात ब्रूस लीचा एक लेख आला. बांधीव, ठरावीक पद्धतींच्या कराटेपासून स्वतःला मोकळे करा, असा त्याचा आशय होता. प्रत्येक पंथ आपल्या चौकटीला सत्य समजतो आणि विद्यार्थ्याला त्या साच्यात ओततो. लढत मात्र जिवंत असते, ती कोणाच्या साच्याप्रमाणे चालत नाही, असे त्याचे म्हणणे. ज्या मासिकाचे नावच श्रेणीच्या खुणेवरून घेतलेले, ज्याची जाहिरातीची पाने पंथापंथांचे गणवेश आणि बोधचिन्हे विकून चालत, त्याच मासिकाने हा लेख छापला. संपादकाच्या निधडेपणाची ही साक्ष म्हणावी लागेल. ब्रूस ली नुसता लिहून थांबला नव्हता. आपल्या पद्धतीचाही एक पंथ होईल या धास्तीने त्याने स्वतःच्या शाळा आधीच बंद केल्या होत्या.

त्याची सरावाची साधनेही बाजारातील नव्हती. ओकलंड येथील जॉर्ज ली या त्याच्या स्नेही शिष्याच्या हातात यंत्रकाम होते. ब्रूस लीने कल्पना सांगावी आणि जॉर्ज लीने ती लोखंडात व लाकडात उतरवावी, असे चाले. मनगटाची पकड वाढविण्याचे यंत्र, लाथांच्या सरावाची ढाल, असे कितीतरी. त्यांत एक लहानशी थडग्याची शिळाही होती. कर्मठ पद्धतींच्या ओझ्याखाली गुदमरून गेलेल्या, एके काळी प्रवाही असलेल्या माणसाच्या स्मरणार्थ, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर कोरून घेतला होता. एका माणसासाठी, त्याच्या हाताच्या मापाने, मित्राने घडविलेली ही साधने होती.

२० जुलै १९७३ रोजी हाँगकाँग येथे ब्रूस लीचे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निधन झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘एंटर द ड्रॅगन’ जगभर झळकू लागला आणि एका मृत माणसाभोवती अभूतपूर्व बाजार उभा राहिला. १९७० मध्ये पाठीच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेला असताना त्याने वह्यांच्या वह्या भरून टिपणे लिहिली होती. ती छापावीत की नाही, याविषयी तो स्वतः साशंक होता. लोक ती पोथीसारखी धरून बसतील, ही भीती. त्याच्या पत्नीच्या संमतीने ती टिपणे संकलित होऊन १९७५ मध्ये ‘ताओ ऑफ जीत कुन दो’ या नावाने ओहारा पब्लिकेशन्सने प्रसिद्ध केली. ओहारा ही ‘ब्लॅक बेल्ट’चीच भगिनी संस्था. पाठोपाठ त्याच्या लढण्याच्या पद्धतीवरील चार खंड आले. त्यांचे सहलेखक उएहारा. पुस्तकांचे प्रकाशक, मासिकाचे मालक आणि जाहिरातीच्या पानाचे धनी अशा तिहेरी नात्याने एकच घर उभे होते.

यात लबाडी होती का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ही पुस्तके नसती, तर ते विचार वह्यांतच राहिले असते, आणि ‘ताओ’ हे पुस्तक आजही छापले जाते, वाचले जाते. पण ज्याने साच्यांविरुद्ध लिहिले, त्याच्या शब्दांचे साचे निघाले, हेही तितकेच खरे. त्याच्या पद्धतीचे बाण असलेले वर्तुळाकार चिन्ह टी-शर्टवर आले. ‘गेम ऑफ डेथ’मधील पिवळा, काळ्या पट्ट्यांचा पोशाख १९७८ नंतर बालकांच्या मापांतही मिळू लागला. आज त्याच्या कन्येची कंपनी त्या नावाचे आणि प्रतिमेचे हक्क सांभाळते. २०१९ मध्ये तिने चीनमधील एका मोठ्या उपाहारगृह-साखळीवर बोधचिन्हातील साम्यावरून दावाही केला. बापाचे नाव कोणी गल्ल्यावर लावावे आणि कोणी लावू नये, हे ठरविण्याचा हक्क वारसांचा. मात्र ब्रूस लीच्या वह्यांचे वारस कोण, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात सुटणारा नाही.

चित्रपटाने आणखी एक वस्तू घरोघरी नेली: नानचाकू, म्हणजे साखळीने वा दोरीने जोडलेल्या दोन लाकडी दांड्या. ‘एंटर द ड्रॅगन’ पाहून आलेल्या मुलाला ती हवीच असे, आणि जाहिरातीच्या पानावर ती लगेच मिळे. लाकूड, साखळी, दोन बिजागऱ्या. बनवायला सोपी आणि हाताळायला इतकी अवघड की पहिले काही महिने ती वापरणाऱ्याच्याच कोपराला आणि कपाळाला लागते. पण हाणामाऱ्यांत तिचा वापर होऊ लागताच कायदे आले. न्यूयॉर्क राज्याने १९७४ मध्ये ती घरात बाळगण्यासही बंदी केली. ही बंदी एका नागरिकाने वर्षानुवर्षे न्यायालयात झगडल्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरली. ब्रिटनमध्ये चित्रपटांतून नानचाकूची दृश्ये कापली जात. पुढे १९८० च्या दशकात निंजांची लाट आली. ज्याचे सारे कौशल्य ओळखू न येण्यात, त्या निंजाचा काळा बुरख्याचा पोशाख लहान, मध्यम, मोठा अशा मापांत जाहिरातींतून विकला गेला! फेकण्याच्या धारदार चांदण्याही त्याच पानावर असत. १९८८ मध्ये ब्रिटनने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, आणि निंजा हा शब्दच तेथे इतका नकोसा झाला, की कासवांच्या प्रसिद्ध बालमालिकेच्या नावातून तो गाळून ‘हीरो’ हा शब्द घातला गेला.

सर्वच माल असा नव्हता. कोरियाहून आलेले तायक्वांदोचे शिक्षक जून री यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी हातापायांवर चढवावयाचे मऊ फेसाळ रबराचे संरक्षक कवच बाजारात आणले. तोवर स्पर्धांत एक तर प्रहार अंगापासून बोटभर अंतरावर थांबवावा लागे, नाही तर नाक-दात गमवावे लागत. या कवचाने प्रहार लागू शकला आणि इजाही घटली. लहान मुलांना वर्गात घालण्यास पालक तयार झाले, त्यामागे या कवचाचा मोठा वाटा आहे. जाहिरातीच्या त्याच पानांनी चांदण्याही विकल्या आणि हे कवचही विकले. पान तेच, छपाई तीच. काय मांडावे हे मांडणाऱ्यावर.

१९७६ मध्ये मायकेल डिलार्ड यांनी ओक्लाहोमा राज्यात ‘सेंच्युरी’ या नावाने मार्शल आर्ट्सच्या साहित्याचा व्यवसाय सुरू केला. गणवेश, पट्टे, ढाली. पुढे पाण्याने किंवा वाळूने भरावयाच्या बैठकीवर उभी राहणारी सरावाची पिशवी आणि रागीट चेहऱ्याचा रबरी माणूस, ज्याला ठोसे मारून सराव करता येतो. अभिनेता चक नॉरिस याच्या नावाने त्यांनी खास जीन्सही विकली. दोन्ही पायांच्या सांध्यात जादा कापडाचा तुकडा शिवलेला, त्यामुळे डोक्याइतकी उंच लाथ मारली तरी शिवण उसवत नसे. शिंप्याच्या भाषेत सांगायचे तर एका कळीचा सारा चमत्कार. या जीन्सच्या जाहिराती मार्शल आर्ट्सच्या मासिकांतून अनेक वर्षे झळकल्या, आणि वाचक त्यांची थट्टा करीत करीत त्या विकतही घेत.

मधल्या वर्षांत ‘ब्लॅक बेल्ट’ची मालकी बदलत गेली. मासिकांच्या धंद्याला उतरती कळा लागली. प्रतिस्पर्धी नियतकालिके एकेक करून मिटली. १९७३ मध्ये निघालेले आणि दीर्घकाळ तोडीस तोड असलेले ‘इनसाइड कुंग फू’ही बंद पडले. आणि २०१८ च्या सुमारास ‘ब्लॅक बेल्ट’ विकत घेतले ते कोणी? सेंच्युरीने. जो एके काळी पान विकत घेऊन जाहिरात देई, तो आता सबंध मासिकाचा मालक झाला.

व्यापारी दृष्टीने यात वावगे काही नाही. कदाचित मासिक जगले ते यामुळेच. ज्याचा माल याच वाचकांना विकावयाचा आहे, त्यालाच हे वाचक टिकविण्याची गरज सर्वांत अधिक. पण वाचकाच्या बाजूने एक प्रश्न उरतो. सरावाची कोणती पिशवी चांगली, हे सांगणारा आणि ती विकणारा एकच असेल, तर वाचकाने कोणाला विचारावे? उएहारांच्या काळीही पुस्तकांच्या बाबतीत हाच प्रश्न होता. फरक इतकाच, की तेव्हा मासिक दुकान चालवीत होते आणि आता दुकान मासिक चालविते. पेढीवर बसणाऱ्याला ठाऊक असते, की तराजू आपल्याच हाती असताना दांडी सरळ ठेवणे हे कसबाचे नव्हे, सवयीचे काम आहे. गिऱ्हाईक ते दर खेपेस तपासत नाही. एकदा तपासतो, आणि मग वर्षानुवर्षे तरी येतो किंवा कधीच येत नाही.

या मालाचा प्रवास भारतीय वाचकालाही परका नाही. जगभर विकल्या जाणाऱ्या कराटे-जुदोच्या गणवेशांचा आणि हातमोज्यांचा मोठा वाटा पाकिस्तानातील सियालकोट येथे तयार होतो. फाळणीनंतर त्या शहरातून आलेल्या कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी जालंधरमध्ये क्रीडासाहित्याचा उद्योग उभारला. तेथूनही हा माल देशोदेशी जातो. शिक्षणाच्या मासिकाची आणि ग्रंथाची परंपराही आपल्याकडे नवी नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम’ मासिक चालविले आणि कुस्तीपासून लाठीपर्यंत सर्व विद्यांचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. त्यात मल्लाला कोणत्याही रंगाचा पट्टा नव्हता. तालमीतील माती अंगाला लागली की श्रेणी कळे.

आज पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या शहरांत शाळा सुटल्यावर पांढरे गणवेश घातलेली मुलेमुली वर्गाला निघालेली दिसतात. ठरावीक महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा असते. तिचे शुल्क, पट्ट्याचे पैसे, प्रमाणपत्राचे पैसे वेगळे. कोठे ती परीक्षा खरोखर अवघड असते, कोठे शुल्क भरणारा प्रत्येक जण उत्तीर्ण होतो. दोन्ही ठिकाणी पट्टा सारखाच दिसतो. पालकांनी शुल्क विचारावे, हे स्वाभाविकच आहे. पण मागच्या परीक्षेत किती मुले अनुत्तीर्ण झाली, हेही एकदा विचारून पाहावे. प्रामाणिक शिक्षकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

‘ब्लॅक बेल्ट’चे जुने अंक आता गूगल बुक्सवर कोणालाही फुकट पाहता येतात. साठ वर्षांपूर्वीचे पान पडद्यावर उघडते: लेख, छायाचित्रे, पत्रे, आणि कोपऱ्यात तुटक रेषांचे कूपन. बहुतेक ठिकाणी ते शाबूत आहे, नाव-पत्त्याच्या रेघा कोऱ्या आहेत. त्यावरील दुकानांपैकी बरीचशी केव्हाच बंद झाली. पाठीमागचा लेख मात्र पुरा वाचता येतो.